पार्श्वभूमी : ओपन सोर्स सॉफ्टवेअरचं नाव कुणाच्या मालकीचं?

देवगड-रत्नागिरीच्या बागायतदाराचा हंगामातला हिशेब किचकट असतो. कुठल्या बागेतून किती डझनाच्या पेट्या गेल्या, वाशीच्या कोणत्या आडत्याकडे उतरल्या, पट्टी कितीची आली, भाडं-हमाली किती कापली गेली. हे सगळं सांभाळणारं सॉफ्टवेअर कुणी लिहून ओपन सोर्स केलं, म्हणजे त्याचा कोड सगळ्यांना वापरायला-बदलायला खुला केला, तर पहिलं नाव सुचणार ‘हापूस’ आणि दुसरं ‘देवगड’. दोन्ही टाळलेली बरी. त्याचं कारण या क्षेत्रातल्या जुन्या भांडणांत सापडतं.

सुरुवातीला नावाची फिकीर कुणी केलीच नाही. १९९१ साली लिनस टोरवाल्ड्सच्या मनात आपल्या कर्नलसाठी, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यासाठी, ‘फ्रीक्स’ हे नाव होतं. ज्याच्या सर्व्हरवर फाइल्स चढवायच्या होत्या त्या आरी लेमकेला ते पसंत पडलं नाही, म्हणून त्याने फोल्डरला ‘लिनक्स’ नाव दिलं आणि तेच चिकटलं. पण नोंदणी कुणी केली नव्हती. १९९४ मध्ये अमेरिकेतल्या एका तिऱ्हाइताने ‘लिनक्स’वर ट्रेडमार्कसाठी अर्ज ठोकला, तो मंजूर झाला आणि त्याने कंपन्यांकडे पैसे मागायला सुरुवात केली. वकील लावून, तडजोड होऊन १९९७ मध्ये नाव टोरवाल्ड्सकडे आलं. गंमत म्हणजे खुद्द ‘ओपन सोर्स’ हा शब्द नोंदवण्याचा प्रयत्नही फसला. ओपन सोर्स इनिशिएटिव्ह या संस्थेने १९९९ मध्ये तो नाद सोडला, कारण शब्द फारच वर्णनात्मक होता. ‘हापूस’ला हीच अडचण आहे. आपल्याकडच्या ट्रेड मार्क्स कायद्याचं (१९९९) कलम ९ वस्तूचा प्रकार, उपयोग किंवा ठिकाण सांगणाऱ्या शब्दांना सहसा नोंदणी देत नाही. हापूसला २०१८ साली मिळालेलं भौगोलिक मानांकन आंब्यापुरतं आहे, त्याचा सॉफ्टवेअरला काही उपयोग नाही.

नाव शोधण्यात नेमकी चूक कुठे होते, हे फायरफॉक्सच्या प्रवासात स्वच्छ दिसतं. २००२ मध्ये मोझिला या ओपन सोर्स प्रकल्पाचा नवा ब्राउझर ‘फिनिक्स’ या नावाने आला. बायोस (संगणक सुरू करून देणारं सॉफ्टवेअर) बनवणाऱ्या फिनिक्स टेक्नॉलॉजीजने हरकत घेतली. एप्रिल २००३ मध्ये नाव ‘फायरबर्ड’ केलं, तर त्याच नावाचा ओपन सोर्स डेटाबेस २००० सालापासून चालू होता आणि त्याचे लोक चिडले. शेवटी फेब्रुवारी २००४ मध्ये ०.८ आवृत्तीपासून ‘फायरफॉक्स’ आलं. ब्राउझर वेगळा आणि डेटाबेस वेगळा, हा बचाव कामाला आला नाही. वापरणाऱ्याच्या लेखी दोन्ही डाउनलोड करायच्या गोष्टीच होत्या. त्यामुळे शोध घ्यायचा तो आपल्यासारखंच काम करणाऱ्या सॉफ्टवेअरपुरता नव्हे, सगळ्या सॉफ्टवेअरमध्ये.

पुढची भांडणं मालकीवरून झाली. ओपन सोर्स परवाना कोड वापरायची मुभा देतो, नावाची नाही. अपाची परवान्याच्या २००४ च्या दुसऱ्या आवृत्तीत, कलम ६ मध्ये, हे सरळ लिहिलेलं आहे. एमआयटी परवाना त्यावर गप्प आहे. डेबियन या लिनक्सवर आधारलेल्या ऑपरेटिंग सिस्टिमला फायरफॉक्सच्या कोडमध्ये आपले बदल घालायचे होते, पण ‘फायरफॉक्स’ हे नाव ठेवायचं तर मोझिलाला ते बदल आधी तपासून हवे होते. म्हणून २००६ पासून २०१६ पर्यंत डेबियनमध्ये तोच ब्राउझर ‘आइसविझल’ म्हणून राहिला. सगळ्यात बोलकं उदाहरण नेटवर्कवरची वाहतूक तपासणाऱ्या वायरशार्कचं. ते आधी ‘इथेरियल’ होतं; ते लिहिलं जेराल्ड कोम्ब्सने, पण नाव त्याच्या कंपनीकडे होतं. २००६ मध्ये त्याने नोकरी बदलली तेव्हा कोड बरोबर गेला, नाव मागे राहिलं, म्हणून ‘वायरशार्क’. ओपनऑफिस या कार्यालयीन सॉफ्टवेअरमधून २०१० मध्ये लिबरऑफिस आणि हडसन या प्रोग्रॅमरांच्या साधनातून २०११ मध्ये जेन्किन्स निघालं, त्या दोन्ही वेळी जुनं नाव ओरॅकलच्या हातात होतं.

आपल्याकडे काम तसं सोपं आहे, क्रम मात्र चुकवू नये. आधी ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या संकेतस्थळावरचा सार्वजनिक शोध घ्यावा, तो फुकट आहे. वर्ग ९ (डाउनलोड होणारं सॉफ्टवेअर) आणि वर्ग ४२ (सर्व्हरवरून मिळणारी सेवा) हे दोन्ही बघावेत, आणि शब्द जुळवण्याबरोबर उच्चार जुळवण्याचा पर्यायही वापरावा. ऑनलाइन अर्जाची फी व्यक्ती, स्टार्टअप किंवा लघुउद्योगासाठी एका वर्गाला ४,५०० रुपये, इतरांना ९,००० रुपये. रजिस्ट्रीच्या जर्नलमध्ये नाव छापून आल्यावर चार महिने कुणीही विरोध करू शकतो. नोंदणी अर्जाच्या तारखेपासून दहा वर्षांची. ती होण्याआधी गोलातला ‘आर’ लावणं हा गुन्हा आहे, ‘टीएम’ लावता येतं. कलम ३४ नुसार आधीपासून नाव वापरणाऱ्याला नंतरचा नोंदणीदार अडवू शकत नाही, म्हणून पहिल्या आवृत्तीच्या तारखेचा पुरावा जपून ठेवावा.

अर्जदार कोण, हे नाव ठरण्याआधी ठरवावं. चार मित्रांच्या नुसत्या गटाच्या नावावर अर्ज केला, तर एकजण पुण्या-मुंबईला गेला की सह्या कुणाच्या इथपासून वाद सुरू होतो. नोंदणीकृत संस्था असेल तर तिच्या नावावर, नसेल तर एका व्यक्तीच्या नावावर करावा आणि प्रकल्प संस्थेकडे गेला की नावही जाईल असं लिहून घ्यावं.

आता नाव. आंबा उतरवायच्या जाळीच्या काठीला ‘झेला’ म्हणतात. हिशेबाशी त्याचा थेट संबंध नाही, म्हणून तो वर्णनात्मक ठरण्याची भीती कमी. पण पायपीआयसारख्या पॅकेज-भांडारात (जिथून प्रोग्रॅमर तयार कोड उतरवून घेतात) देवनागरी नाव चालत नाही, आणि रोमनमध्ये ‘झ’ कुणी ‘झेड’ने लिहितो, कुणी ‘जे-एच’ने. एक स्पेलिंग कायम करून त्याचंच पॅकेज आणि डोमेन घ्यावं, दुसऱ्या स्पेलिंगचं डोमेन पहिल्याकडे वळवावं आणि रजिस्ट्रीत दोन्ही स्पेलिंगने शोधावं. देवनागरीसाठी २०१४ पासून ‘.भारत’ मिळतं. अर्जात मराठी शब्द असेल तर त्याचं लिप्यंतर आणि इंग्रजी किंवा हिंदी अर्थ द्यावा लागतो. तिथेही डोमेनवरचंच स्पेलिंग लिहावं.