न्यूफाउंडलंडमधील लोकसहभागी मत्स्य-संशोधन

कॅनडाच्या पूर्व टोकाच्या न्यूफाउंडलंड बेटावर १९९२ मध्ये कॉड माशाची मासेमारी बंद झाली. त्यानंतर मच्छीमार, त्यांची गावे आणि विद्यापीठातले संशोधक यांनी मिळून जी अभ्यासपद्धती उभी केली, तिची ही नोंद आहे. मासळी का संपली, ती परत येते आहे का आणि तोवर किनाऱ्यावरच्या माणसांनी जगायचे कसे, असे तीन प्रश्न या अभ्यासात एकत्र येतात. सेंट जॉन्स शहरातील मेमोरियल विद्यापीठ हे या कामाचे मुख्य केंद्र.

आपल्या कोळीवाड्यात ‘म्हावरं’ म्हणजे कुठलीही मासळी. न्यूफाउंडलंडमध्ये नुसते ‘फिश’ म्हटले की कॉडच समजायचा; बाकीच्या माशांना त्यांच्या त्यांच्या नावाने हाक मारतात. या एका माशावर तिथल्या शेकडो लहान वस्त्या वसल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपातले अजस्र ट्रॉलर ग्रँड बँक्सच्या उथळ समुद्रात शिरले आणि १९६८ मध्ये ‘नॉर्दर्न कॉड’ या साठ्यातून आठ लाख टनांहून अधिक मासळी उपसली गेली. १९७७ मध्ये कॅनडाने २०० सागरी मैलांपर्यंत हक्क सांगून परदेशी जहाजे बाहेर काढली. पण त्यांची जागा देशी ट्रॉलरांनी घेतली.

पुढे जे बिघडले त्यात हावरेपणाचा वाटा होताच, पण मोजमापही चुकले होते. साठ्याचा सरकारी अंदाज दोन गोष्टींवर बेतलेला असे : संशोधन जहाजाचे सर्वेक्षण आणि ट्रॉलरांना दर तासाला मिळणारी मासळी. कॉड थवे करून राहतो. साठा आटला तरी उरलेले मासे एकत्रच असतात, आणि प्रतिध्वनीयंत्र असलेला ट्रॉलर नेमका त्या थव्यावर जाऊन पोचतो. त्यामुळे समुद्र रिता होत असताना कागदावरचा आकडा मात्र चांगला दिसत राहिला. किनाऱ्यावरच्या माणसाचे साधन वेगळे. त्याचा ‘कॉड ट्रॅप’ म्हणजे जाळ्याची मोठी चौकोनी पेटी. आपल्याकडच्या डोल जाळ्यासारखी ती एका जागी रोवून ठेवायची आणि मासा येण्याची वाट पाहायची. उन्हाळ्यात केपलिन नावाची बारीक मासळी अंडी घालायला किनाऱ्याशी येते, तिच्या मागे कॉड येतो. वाटेत आडवे धरलेले लांब जाळे त्याला पेटीच्या तोंडाशी नेते. मासा आला नाही तर पेटी रिकामी. तिला थव्याचा पाठलाग करता येत नाही. १९८०च्या दशकात या पेट्यांतला मासा कमी आणि लहान होत चालल्याचे मच्छीमार सांगत होते. त्यांच्या संघटनेने १९८६ मध्ये विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांकडून सरकारी अंदाजांची स्वतंत्र तपासणीही करून घेतली, पण त्यावरून धोरण बदलले नाही.

२ जुलै १९९२ रोजी केंद्रीय मत्स्यमंत्री जॉन क्रॉस्बी यांनी बंदी जाहीर केली. ती दोन वर्षांपुरती असल्याचे सांगितले होते. सुमारे ३०,००० माणसांचा रोजगार एका फटक्यात गेला. १९९१ च्या जनगणनेत न्यूफाउंडलंड आणि लॅब्राडॉर या प्रांताची लोकसंख्या ५,६८,४७४ होती. २००१ मध्ये ती ५,१२,९३० भरली.

गावाला सोबत घेऊन अभ्यास करण्याची रीत इथे बंदीच्या आधीपासून होती. १९६७ मध्ये फोगो बेटावरची वस्ती उठवून लोकांना मोठ्या गावांत हलवण्याचा विचार चालला होता. तेव्हा विद्यापीठाचा विस्तार विभाग आणि राष्ट्रीय चित्रपट मंडळाचे दिग्दर्शक कॉलिन लो यांनी बेटावरच्या लोकांचे म्हणणे चित्रित केले. ते आधी त्याच लोकांना आणि मग मंत्र्यांना दाखवले. स्वतःला पडद्यावर पाहून गावागावांतले अबोले सुटू लागले, सहकारी संस्था उभी राहिली आणि वस्ती जागेवर टिकली. संवादाची ही रीत पुढे ‘फोगो प्रक्रिया’ म्हणून जगभर गेली.

बंदीनंतर समाजशास्त्रज्ञ बार्बरा नाइस आणि त्यांच्या जीवशास्त्रज्ञ सहकाऱ्यांनी बोनाव्हिस्टा व ट्रिनिटी उपसागरांतल्या जुन्याजाणत्या मच्छीमारांच्या मुलाखती घेतल्या. ‘पूर्वी मासे जास्त होते का?’ असे विचारून काही हाती लागत नाही. पूर्वी सगळेच जास्त असते. म्हणून त्यांनी होडीपासून सुरुवात केली. पहिली होडी केवढी, इंजिन किती ताकदीचे, पेट्या किती आणि नकाशावर कुठे, दुसरी होडी कधी घेतली. होडीच्या आधाराने वर्षे लागत गेली आणि प्रत्येक टप्प्यावर मेहनतीच्या मानाने मासळी किती, हे काढता आले. त्यातून दिसलेले चित्र मच्छीमारांनाही सुखाचे नव्हते. होड्या मोठ्या झाल्या, पेट्या वाढल्या, जागा दूर सरकल्या. एकूण पकड टिकून दिसत होती ती या वाढत्या खटाटोपामुळे. म्हणजे ट्रॉलरच्या आकड्यांत जी फसगत होती, तिचेच लहान रूप किनाऱ्यावरही होते. या संशोधनाचे मोल मला इथे दिसते : त्याने मच्छीमाराची बाजू घेतली आणि त्याचे म्हणणे तपासूनही पाहिले.

१९९५ पासून ‘सेंटिनल’ म्हणजे पहारेकरी मासेमारी सुरू झाली. मच्छीमारांची युनियन आणि केंद्रीय मत्स्य खाते यांचा हा संयुक्त कार्यक्रम. ठरलेल्या जागी, ठरलेल्या मापाच्या जाळ्याने किंवा गळांच्या लांब दोरीने मच्छीमारानेच, मेहनताना घेऊन, मासे धरायचे. पण मासा होडीत पडला की काम संपत नाही. लांबी मोजायची, पोट चिरून नर की मादी ते पाहायचे, आणि डोक्यातली खड्यासारखी दोन हाडे काढून ठेवायची. झाडाच्या खोडासारखी या हाडांत वर्षागणिक कडी चढतात. ती मोजून माशाचे वय कळते. आयुष्यभर ही मुंडकी फेकून देणाऱ्यांच्या हाती आता चिमटा आणि लेबल लावलेली पाकिटे आली.

या आकड्यांनीही एकदा चकवले. १९९०च्या दशकाच्या अखेरीस किनाऱ्यालगतच्या सेंटिनल जाळ्यांत मासा बरा मिळत होता, तर खोल समुद्रातले सर्वेक्षण जवळजवळ रिते येत होते. उरलेला बराच साठा उपसागरांत गोळा झाला होता. ट्रिनिटी उपसागरातल्या स्मिथ साउंडमध्ये १९९५ मध्ये त्याचा एक दाट थवा सापडलाही होता. १९९९ मध्ये मर्यादित मासेमारी पुन्हा सुरू झाली आणि २००३ मध्ये बंद करावी लागली. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये कडाक्याच्या थंडीने स्मिथ साउंडमधले शेकडो टन कॉड मरून वर आले.

शेवंडीच्या बाबतीत गोष्ट लहान आणि अधिक आटोक्यातली आहे. कॉड गेल्यावर सगळे शेवंडीवर तुटून पडले. ईस्टपोर्ट द्वीपकल्पातल्या मच्छीमारांनी १९९५ मध्ये आपली समिती केली, बाहेरच्यांना आवर घातला आणि दोन बेटांभोवतीचे पाणी स्वतःहून बंद केले. अंड्यांवरची मादी मिळाली की तिच्या शेपटीच्या पंख्याला इंग्रजी व्ही अक्षराची खाच पाडून तिला सोडून द्यायचे. पुढे अंडी नसली तरी खाच पाहून दुसराही तिला सोडतो. नोंदवह्या मच्छीमार ठेवत, विश्लेषण विद्यापीठ आणि मत्स्य खाते करत. २००५ मध्ये सरकारने हे पाणी सागरी संरक्षित क्षेत्र म्हणून जाहीर केले. क्षेत्र जेमतेम दोन चौरस किलोमीटरचे, म्हणून त्यातून चमत्काराची अपेक्षा करू नये.

‘समुदाय’ म्हणजे फक्त होडीवरचे पुरुष नव्हेत, हे ध्यानात यायला वेळ लागला. कॉडच्या जागी स्नो क्रॅब जातीचा खेकडा आणि कोळंबी आली. कारखान्यांत खेकडे उकडताना आणि सोलताना हवेत उडणाऱ्या प्रथिनांनी कामगारांना दमा जडू लागला; त्यांत बायका मोठ्या संख्येने होत्या. नाइस यांच्या पुढाकारातून उभ्या राहिलेल्या ‘सेफ्टीनेट’ केंद्राने हा आजार अभ्यासाला घेतला. २००७ पासून बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर विद्यापीठ आणि गावांची आघाडी काम करू लागली. तिने मासळीसोबत पर्यटन, तरुणांचे स्थलांतर आणि स्थानिक बाजारही हाताळले. बोन बे परिसरात येणाऱ्या पाहुण्याच्या ताटात समोरच्याच पाण्यातला मासा पोचतो का, हाही तिथे संशोधनाचा विषय झाला. होडीवरून थेट गिऱ्हाइकाला मासा विकायला तेव्हा कायद्याची आडकाठी होती. प्रांताने २०१५ मध्ये ती सैल केली.

मेमोरियल विद्यापीठातूनच २०१२ मध्ये लहान मच्छीमारांविषयीचे ‘टू बिग टू इग्नोर’ हे जागतिक संशोधन-जाळे सुरू झाले. भारतातले अभ्यासकही त्यात आहेत.

दोन वर्षांची म्हणून आलेली बंदी ३२ वर्षे चालली. जून २०२४ मध्ये सरकारने ती उठवून १८,००० टनांची मर्यादा ठरवली आणि तिच्यात ट्रॉलरांनाही वाटा दिला. साठा सावरल्यावर पहिले १,१५,००० टन किनाऱ्यावरच्या मच्छीमारांना मिळतील, हे जुने आश्वासन होते. बंदी उठण्याला सर्वांत मोठ्याने विरोध केला तो मच्छीमारांच्या युनियनने.