रूममेटला जे दिसतं

पुण्यातली सदाशिव पेठ, नवी पेठ, शास्त्री रस्ता. स्पर्धा परीक्षांच्या तयारीसाठी लातूर-नांदेडपासून धुळे-जळगावपर्यंतची मुलंमुली इथे कॉट बेसिसवर राहतात, मेसमध्ये जेवतात आणि उरलेला दिवस अभ्यासिकेत काढतात. घरच्यांशी रोज फोन होतो, पण फोनवर आवाज सावरून घेता येतो. रात्रभर झोप नाही, डबा न उघडताच परत जातोय, हे कळतं ते शेजारच्या कॉटवरच्यालाच. त्यामुळे आत्महत्येच्या धोक्याबद्दल विज्ञानाला जे उमगलंय, ते सगळ्यात आधी या रूममेटला माहीत असायला हवं, असं मला कळकळीने वाटतं.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ साली देशात १,७०,९२४ जणांचा आत्महत्येने मृत्यू झाला. त्यात १३,०४४ विद्यार्थी होते. राज्यनिहाय पाहिलं तर एकूण मृत्यूंत आणि विद्यार्थ्यांच्या मृत्यूंतही महाराष्ट्राचा आकडा सर्वाधिक होता.

बातमीत कारण एकच येतं: पेपर अवघड गेला, प्रेमभंग झाला. प्रत्यक्षात ही शेवटची घटना असते, तिच्यामागे बरंच काही साचलेलं असतं. नैराश्य, दारू किंवा इतर व्यसन, छळ किंवा अत्याचार, कर्ज, एकटेपणा आणि विशेषतः आधी कधी झालेला प्रयत्न, यांनी धोका वाढतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ थॉमस जॉयनर यांनी २००५ साली मांडलेल्या सिद्धांतात दोन भावना केंद्रस्थानी आहेत. ‘माझं कुणीच नाही’ ही एक, आणि ‘मी सगळ्यांवर ओझं आहे’ ही दुसरी. या दोन्ही एकत्र आल्या आणि त्या कधी बदलणारच नाहीत असं वाटू लागलं, की मरणाचा विचार मनात घर करतो. वडिलांनी कर्ज काढून पुण्याला पाठवलंय, चौथ्यांदा यादीत नाव नाही, बरोबरीचे मित्र नोकरीला लागून निघून गेलेत. अशा मुलाच्या मनात या दोन्ही भावना एकदम का दाटून येतात, हे समजायला मानसशास्त्राची पदवी लागत नाही.

त्यात वयाचाही भाग आहे. आवेग आवरणारा, पुढचा-मागचा विचार करणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीच्या आसपासपर्यंत पक्व होत असतो. भावना मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून पूर्ण जोरात असतात. तीव्र वेदनेत विचारांचा आवाका आक्रसतो, इतर वाटा असल्या तरी दिसेनाशा होतात. जागरण आणि दारू हा आवाका आणखी कमी करतात.

मग कोण हे पाऊल उचलेल, हे आधी सांगता येतं का? नाही. पन्नास वर्षांतल्या ३६५ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१७ साली प्रसिद्ध झाला. धोक्याच्या ज्ञात घटकांवरून बांधलेले अंदाज नाणेफेकीपेक्षा जेमतेमच सरस निघाले. मला यातून निराशा वाटत नाही. भाकीत करणं आपलं कामच नाही, बदल टिपून विचारपूस करणं आहे.

बदल कसले? ‘मी नसलो तर घरच्यांचा ताप तरी जाईल’ असं बोलणं. मरणाचा विषय वरचेवर काढणं, मग ते हसत हसत का असेना. जपलेल्या वस्तू, पुस्तकं, नोट्स वाटून टाकणं, निरोप घेतल्यासारखे मेसेज पाठवणं. ग्रुपमधून बाहेर पडणं, आंघोळ-जेवण सुटणं, दारू वाढणं. तरुणांमधलं नैराश्य नेहमी रडवेलं नसतं. पुष्कळदा ते चिडचिडीच्या रूपात समोर येतं आणि आपण ‘हल्ली फार माजलाय’ म्हणून त्याला टाळू लागतो, नेमकं तेव्हाच. फार दिवस खचलेला माणूस काहीही न बदलता अचानक शांत, हलका दिसू लागला, तर त्याची अधिकच काळजी घ्यावी.

असं काही दिसलं तर स्पष्ट विचारा: ‘अरे, बरेच दिवस बघतोय, तू झोपत नाहीस, जेवत नाहीस. जीव द्यावा असं मनात येतं का तुझ्या?’ विचारल्याने नसता विचार डोक्यात घुसेल ही भीती जवळपास सगळ्यांना असते. २००५ साली अमेरिकेत दोन हजारांहून अधिक शाळकरी मुलांवर झालेल्या अभ्यासात ती खोटी ठरली. असा प्रश्न विचारल्याने मुलांचा त्रास वाढला नाही, उलट आधीच खचलेल्यांचा थोडा कमी झाला.

उत्तर ‘हो’ आलं तर उपदेश नको. ‘आईवडिलांचा विचार कर’ हे वाक्य तर नकोच, कारण तो त्यांचाच विचार करत असतो, स्वतःला ओझं समजून. ऐकून घ्या. ‘कुणाला सांगू नकोस’ असं वचन मागितलं तर देऊ नका. धोका आत्ताचा वाटत असेल तर त्याला एकटं सोडू नका, इजा होईल अशा वस्तू दूर करा, घरच्यांना कळवा आणि थेट रुग्णालय गाठा. पुण्याच्या ससून रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. सरकारची ‘टेलि-मानस’ ही मोफत हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास असते आणि तिथे मराठीत बोलता येतं. हे वाचताना तुमच्याच मनात असे विचार येत असतील, तर आत्ता हाच क्रमांक लावा.

ही घडी टळण्याचं मोल फार मोठं आहे. आत्महत्येच्या अगदी उंबरठ्यावर अडवल्या गेलेल्या ५१५ जणांचा माग घेणारा एक अभ्यास १९७८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. त्यातले सुमारे ९४ टक्के लोक पुढे आत्महत्येने गेले नाहीत. पोलीस केसच्या धास्तीने उपचार लांबवणारी कुटुंबं अजून आहेत. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं गृहीत धरलं जातं, आणि तिच्यावर उपचार व पुनर्वसनाची जबाबदारी सरकारवर आहे.

रुग्णालयातून घरी आल्यानंतरचे पहिले काही आठवडे सर्वाधिक जोखमीचे असतात, आणि नेमक्या त्याच काळात मित्रमंडळी संकोचाने लांब राहतात. सॅन फ्रान्सिस्कोत पुढचे उपचार नाकारलेल्या ८४३ रुग्णांपैकी निम्म्यांना पाच वर्षं अधूनमधून साधी, आपुलकीची पत्रं पाठवली गेली. पहिल्या दोन वर्षांत या गटातल्या आत्महत्या दुसऱ्या गटापेक्षा कमी होत्या. पत्रांत सल्ला नव्हता, उत्तराची सक्ती नव्हती. तेव्हा मित्र गावी परतला असेल तर मेसेज टाका, आणि उत्तर आलं नाही तरी पुढच्या आठवड्यात परत टाका.