सोयाबीनचे सुके

सोयाबीनचे सुके हे सोयाबीनचे दाणे शिजवून, कांदा-लसूण चटणीत परतून केलेले तोंडीलावणे आहे. कोल्हापूर भागात ते ज्वारीच्या भाकरीबरोबर किंवा आमटी-भाताच्या कडेला वाढतात. दाणे आधी भिजवून शिजवलेले असतील, तर फोडणीपासून पंधरा मिनिटांत होते.

जिल्ह्यात सोयाबीन खरिपात पेरतात, उसात आंतरपीक म्हणूनही घेतात. बहुतेक माल तेल आणि पेंडीसाठी जातो, घरात राहतो तो थोडा. दाण्यात सुमारे 36 ते 40 टक्के प्रथिने आणि 18 ते 20 टक्के तेल असते, पिष्टमय भाग मात्र नगण्य. या पदार्थाचे सगळे गणित इथेच आहे. हरभरा किंवा मटकी शिजताना थोडी फुटते आणि रस्सा आपोआप मिळून येतो. सोयाबीन कितीही शिजवले तरी रस्सा पातळच राहतो आणि मसाला तळाशी बसतो. म्हणून सोयाबीनला रश्शापेक्षा सुके जास्त मानवते, आणि त्यातही मसाला दाण्याला धरून राहावा म्हणून कूट लागतेच.

चार जणांसाठी एक वाटी (सुमारे 150 ग्रॅम) दाणे निवडून, धुऊन, चार वाट्या पाण्यात 8 ते 10 तास भिजवावेत. ते दुपटीहून जास्त फुगतात. उन्हाळ्यात पाणी एकदा बदलावे, नाहीतर आंबूस वास धरतो. भिजलेला दाणा दोन बोटांत दाबल्यावर आतून एकसारखा पिवळसर दिसला पाहिजे; मध्यभागी गडद, कोरडा ठिपका असेल तर अजून तासभर ठेवावा. भिजवलेले पाणी टाकून दाणे उकळत्या पाण्यातच घालावेत. दाणा चिरडला किंवा फुटला की त्यातील लायपॉक्सिजिनेज हे विकर तेलावर काम करू लागते आणि तो ओळखीचा उग्र, कच्चट वास येतो. उकळते पाणी ते विकर लगेच निकामी करते. कच्चे दाणे गार पाण्यात वाटले की वास हमखास येतो, मग कितीही लसूण घातला तरी जात नाही.

कुकर अर्ध्याहून जास्त भरू नये. सोयाबीन फेसाळते आणि सुटलेली साले शिट्टीच्या वाटेत अडकतात. चमचाभर तेल घालावे, वर आलेली साले काढून टाकावीत, मग झाकण लावून मध्यम आचेवर 4 ते 5 शिट्ट्या घ्याव्यात आणि वाफ आपली आपण जिरू द्यावी. दाणा अखंड राहून दाताखाली मऊ लागला की झाले. चिंच, आमसूल, टोमॅटो शिजण्याआधी घालू नये. आंबटाने दाणा कडक राहतो. दोन वर्षांचा जुना दाणाही शिजत नाही, त्याला इलाज नाही.

कढईत दोन मोठे चमचे तेल तापवून अर्धा चमचा मोहरी, अर्धा चमचा जिरे, कढीपत्ता आणि ठेचलेल्या सहा-सात लसूण पाकळ्या घालाव्यात. एक मोठा कांदा बारीक चिरून कडा तांबूस होईपर्यंत परतावा. पाव चमचा हळद घालून आच अगदी मंद करावी, मग दीड-दोन चमचे कांदा-लसूण चटणी घालून लगेच दाण्यांचे थोडे पाणी शिंपडावे. चुकते ते इथेच: कडक तेलात चटणी काही सेकंदांत काळवंडते आणि भाजी कडू होते. दाणे घालून, पाव वाटी पाण्यावर झाकण ठेवून पाच मिनिटे वाफ आणावी. नंतर झाकण काढून दोन चमचे शेंगदाण्याचे कूट आणि चमचाभर भाजलेले सुके खोबरे घालावे आणि कडेने तेल दिसेपर्यंत परतावे. चटणीत मीठ असतेच, त्यामुळे मीठ चव पाहून शेवटी. कूट आधी घातले तर तळाला लागते.

भाद्रपदात शेंगा भरल्या की ओले दाणे मिळतात, तेव्हा भिजवणे टळते. लवदार शेंगा मिठाच्या पाण्यात दहा मिनिटे उकळून सोलाव्यात. पुढची फोडणी तीच. दुकानी सोयाबीन वड्या वापरायच्या तर गरम पाण्यात दहा मिनिटे ठेवून दोनदा घट्ट पिळाव्यात. पाणी आत राहिले तर मसाला आत शिरत नाही.

सोयाबीन कच्चे खाऊ नये. ट्रिप्सिन या पाचक विकराला अडवणारे घटक त्यात असतात आणि ते नीट शिजवल्यावरच बऱ्याच अंशी निकामी होतात. मोड आणले तरी शिजवणे सुटत नाही. पेरणी करून उरलेले बियाणे तर स्वयंपाकघरात आणूच नये. त्याला बुरशीनाशक चोळलेले असते, बहुधा रंगही दिसतो, आणि ते धुऊन खाण्याजोगे होत नाही.