शिवजयंतीचे वाद दोन आहेत, एक नव्हे

जानेवारीतल्या एका रविवारी ठाण्यात, आमच्या नौपाड्यातल्या सोसायटीची मीटिंग खाली पार्किंगमध्ये भरली. विषय तीन होते: पाण्याची टाकी, लिफ्टचा मेंटेनन्स आणि शिवजयंती. पहिले दोन वीस मिनिटांत आटोपले. शिवजयंतीवर तास गेला आणि निर्णय काही झाला नाही.

तिसऱ्या मजल्यावरचे काका म्हणाले, "एकोणीस फेब्रुवारी. सरकारी सुट्टी आहे, पोरं घरी असतात." सेक्रेटरी म्हणाले, "ती इंग्रजी तारीख झाली. महाराजांची जयंती तिथीनंच व्हायला हवी." त्यावर काकांनी ठेवणीतलं वाक्य काढलं: "तिथी म्हणजे ती सोळाशे सत्तावीसचीच ना? ती तर इतिहासकारांनी कधीच खोडून काढली." सेक्रेटरी गप्प झाले. बिचारे ज्या मुद्द्यावर हरले, तो त्यांचा मुद्दाच नव्हता.

मी शाळेत इतिहास शिकवला आहे आणि हा घोळ दरवर्षी बघते. शिवजयंतीच्या दिवसावरून आपल्याकडे दोन अगदी वेगळे वाद आहेत. महाराजांचा जन्म नेमका कोणत्या दिवशी झाला, हा पहिला. तो दिवस आज कोणत्या कालगणनेनं साजरा करायचा, हा दुसरा. लोक दोन्ही एकाच गाठोड्यात बांधतात आणि पहिल्या वादातला दगड दुसऱ्या वादातल्या माणसाला मारतात.

पहिला वाद कागदपत्रांचा. माझ्या लहानपणी शिवजयंती ऐन उन्हाळ्यात यायची, वैशाख शुद्ध द्वितीयेला, म्हणजे अक्षय तृतीयेच्या आदल्या दिवशी. तेव्हा मानला जाणारा जन्मदिवस होता शके १५४९ चा, तारखेनं ६ एप्रिल १६२७. त्याचा मुख्य आधार बखरी. मल्हार रामराव चिटणीसांची बखर त्यातली सगळ्यांत प्रसिद्ध. पण ही बखर लिहिली गेली एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला. महाराज गेले १६८० साली. मधल्या सव्वाशेहून अधिक वर्षांत ऐकीव गोष्टी किती हातांतून गेल्या असतील, याचा विचार करा.

मग १९१६ साली लोकमान्य टिळकांनी जेधे शकावली प्रसिद्ध केली. भोरजवळच्या कारीचं जेधे देशमुखांचं घराणं, कान्होजी जेध्यांचं, स्वराज्याच्या पहिल्या दिवसांपासूनचं. त्यांच्या घरातली ही नोंदवही. एकेका वर्षाखाली त्रोटक नोंदी, कुठे वर्णन नाही, कुठे कौतुक नाही. तिच्यात जन्माची नोंद आहे: शके १५५१, शुक्ल संवत्सर, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार, हस्त नक्षत्र, शिवनेरी. पुढे तंजावरला सापडलेलं कवींद्र परमानंदांचं 'शिवभारत' हे संस्कृत काव्य छापून आलं. ते महाराजांच्या हयातीतलं, आणि त्यातही हीच तिथी. जोधपूरला जुन्या कुंडल्यांच्या संग्रहात महाराजांची कुंडली सापडली, तीही याच दिवसाची. पुणे, तंजावर आणि जोधपूर अशा तीन टोकांचे कागद, एकमेकांशी संबंध नसलेले, एकाच दिवसावर येऊन थांबतात. इतिहासात यापेक्षा मोठी साक्ष क्वचित मिळते.

तरीही निकाल लागायला वेळ लागला. १९६६ साली राज्य सरकारनं तज्ज्ञांची समिती नेमली. ग. ह. खरे, वा. सी. बेंद्रे, न. र. फाटक, ब. मो. पुरंदरे अशी मोठी माणसं तिच्यात होती, पण एकमत झालं नाही आणि जुनाच दिवस चालू राहिला. अखेर २००१ मध्ये सरकारनं फाल्गुन वद्य तृतीया शके १५५१, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०, हा जन्मदिवस मान्य केला. माझ्या मते पहिला वाद तिथेच मिटला. उद्या याहून जुना, याहून पक्का कागद सापडला तर पुन्हा उघडेल, आणि उघडायलाच हवा.

आता दुसरा वाद. आज रस्त्यावर आणि सोसायटीत जो चालतो, तो हाच. इथे तारीखवाले आणि तिथीवाले दोघेही १६३० चेच आहेत! सेक्रेटरींची तिथी म्हणजे फाल्गुन वद्य तृतीया. काकांचा १९ फेब्रुवारी म्हणजे तीच फाल्गुन वद्य तृतीया, इंग्रजी कॅलेंडरवर उतरवलेली. शिवनेरीवरच्या त्याच शुक्रवाराची ही दोन नावं आहेत. वैशाखातली १६२७ ची तिथी या भांडणात कुठेच नाही. "तिथी कधीच खोडून काढली" हे वाक्य म्हणूनच सेक्रेटरींना लागू होत नव्हतं.

मग एकाच दिवसाची दोन नावं दरवर्षी एकत्र का येत नाहीत? तिथी चंद्राची आहे. चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढे सरकला की एक तिथी होते. अशा तिथ्यांचे बारा महिने ३५४ दिवसांतच संपतात, म्हणून तिथी दरवर्षी साधारण अकरा दिवस अलीकडे येते आणि अधिक महिना आला की पुन्हा पुढे ढकलली जाते. २०२३ मध्ये फाल्गुन वद्य तृतीया १० मार्चला होती. त्या वर्षी अधिक श्रावण आला आणि २०२४ मध्ये ती २८ मार्चला गेली. २०२५ मध्ये परत १७ मार्च. गणपती कधी लवकर तर कधी उशिरा येतात, त्याचं कारणही हेच. "तिथी म्हणजे भटजींचं थोतांड" असं म्हणणाऱ्यांनी गच्चीवर जाऊन तीन रात्री चंद्र बघावा.

तारखेची गंमत मात्र मला आमच्या वाड्यातल्या, म्हणजे आता बिल्डिंगमधल्या, नववीतल्या एका मुलानं नव्यानं दाखवली. मीटिंग संपल्यावर तो वर आला. शकावलीतला शुक्रवार त्याच्या डोक्यात बसला होता.

"काकू, आजचं कॅलेंडर दर चारशे वर्षांनी वारासकट जसंच्या तसं येतं ना? मग १६३० आणि २०३० सारखेच." त्यानं मोबाइलवर २०३० चा फेब्रुवारी उघडला. "बघा, १९ तारखेला मंगळवार आहे. शुक्रवार कुठेय?"

मी त्याला महिना पुढे करायला सांगितलं. १ मार्च २०३०. शुक्रवार.

तो बराच वेळ मोबाइलकडे बघत राहिला. दहा दिवसांचा हा फरक दोन युरोपीय कॅलेंडरांचा आहे. १५८२ साली पोप ग्रेगरी तेराव्यानं जुनं ज्युलियन कॅलेंडर दुरुस्त केलं. कॅथलिक देशांनी ते लगेच उचललं. इंग्लंडनं मात्र १७५२ पर्यंत जुनंच धरून ठेवलं. इतिहासकार महाराजांच्या काळातल्या तारखा सहसा इंग्रजांच्या त्या जुन्या मोजणीत लिहितात, कारण इंग्रजी वखारींच्या कागदांशी त्या जुळवायला सोप्या जातात. १९ फेब्रुवारी ही तारीख तिथून आली. आज भिंतीवर टांगलेल्या कॅलेंडरच्या हिशेबानं तो दिवस १ मार्च १६३० आहे.

आणि ठाणेकरांनी इथे जरा थांबून विचार करावा. १६३० साली आपलं ठाणं पोर्तुगीजांच्या ताब्यात होतं; मराठ्यांनी ते घेतलं १७३७ मध्ये. पोर्तुगीज कॅथलिक, म्हणजे नव्या कॅलेंडरचे. त्या शुक्रवारी ठाण्यात कुणी पोर्तुगीज कारकुनानं कागद लिहिला असेल तर त्यावर १ मार्च १६३० पडलं असणार. सुरतेच्या वखारीतल्या इंग्रजानं त्याच दिवशी १९ फेब्रुवारी लिहिलं असणार, आणि वर्ष १६२९, कारण त्यांचं नवं वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. आणि शिवनेरीवर, आजूबाजूच्या मावळात, माणसं म्हणत होती फाल्गुन वद्य तृतीया. दिवस तोच, सूर्य तोच.

हे बघितल्यावर दोन्ही बाजूंची काही वाक्यं गळून पडतात. "१९ फेब्रुवारी हीच खरी, तिथी चुकीची" हे गळतं, कारण मूळ कागदात तिथीच आहे, तारीख मागाहून काढलेली आहे. "तिथी खरी, तारीख खोटी" हेही गळतं, कारण तारीख त्याच तिथीवरून काढली आहे. जॉर्ज वॉशिंग्टन जन्मले तेव्हाच्या कॅलेंडरवर ११ फेब्रुवारी १७३१ होता. अमेरिका त्यांचा वाढदिवस नव्या हिशेबानं २२ फेब्रुवारी १७३२ चा मानते. त्यांनी तारीख नव्या कॅलेंडरात आणली, आपण आणली नाही, आणि आता १ मार्चचा तिसरा तट उभा करावा असं मला मुळीच वाटत नाही.

दुसरा वाद कुठलाच कागद सोडवू शकत नाही, हे मात्र मान्य करायला हवं. उद्या शंभर शकावल्या सापडल्या तरी त्या सांगतील फक्त तिथी. साजरं कसं करायचं, हे आपण ठरवायचं. सुट्टीचा दिवस ठरलेला असावा, शाळांना, ऑफिसांना, परदेशातल्या मराठी मंडळांना तो वर्षभर आधी माहीत असावा, म्हणून सुट्टी १९ फेब्रुवारीलाच राहावी असं मला ठामपणे वाटतं. पण ज्या राजानं स्वतःचा राज्याभिषेक शक सुरू केला, कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोश करवून घेतला, त्याचा जन्मदिवस त्याच्या स्वतःच्या पंचांगानं पाळणाऱ्याला मागासलेला ठरवणं मला सहन होत नाही. रायगडावर राज्याभिषेक ६ जूनलाही साजरा होतो आणि ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीलाही. तिथली पुण्यतिथी तर हनुमान जयंतीच्या दिवशी तिथीनं पाळतात, त्यावर कुणी भांडत नाही.

पुढच्या रविवारी मीटिंग पुन्हा बसली. १९ फेब्रुवारीला मुलांची चित्रकला आणि पोवाडे. तिथीला आमच्या गल्लीतली पोरं शिवनेरीवरून ज्योत घेऊन येणार, माळशेज, मुरबाड, कल्याण करत धावत. काकांनी एकच अडचण काढली: २०२४ आणि २०२५, दोन्ही वर्षी ती तिथी संकष्टीला आली होती, निम्म्यांचा उपास. तसं झालं तर खिचडी करायचं ठरलं. त्या मुलानं खालच्या फळ्यावर खडूनं सूचना लिहायला घेतली. वर मोठ्या अक्षरात फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, शुक्रवार. त्याखाली दोन्ही कार्यक्रमांच्या वेळा.