प्रोसेसर कोअर सेटिंग (गेमिंग)

संगणकाच्या प्रोसेसरमधले किती कोअर (स्वतंत्रपणे काम करणारे भाग) चालू ठेवायचे आणि ते किती गिगाहर्ट्‌झवर, किती व्होल्टवर पळवायचे, हे बायोसमधून (संगणक सुरू होताना चालणाऱ्या मूळ प्रोग्रॅममधून) किंवा विंडोजमधून ठरवणे म्हणजे कोअर सेटिंग. गेमचा फ्रेम रेट (सेकंदाला दिसणारी चित्रे) आणि विजेचा खप, दोन्ही त्यामुळे बदलतात. पण सारख्या प्रमाणात नाही.

यातली मेख कोल्हापूरकराला गुऱ्हाळावर चटकन कळते. काहिलीभोवती माणसे कितीही वाढवा, काहील कधी उतरवायची ते गुळव्याच सांगणार. बहुतेक गेममध्ये मुख्य थ्रेड (एका वेळी एकाच कोअरवर चालणारी कामांची साखळी) हा असा गुळव्या असतो. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर एका फ्रेमला जेमतेम १६.७ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात त्याचे काम उरकले नाही, तर बाकीचे कोअर रिकामे बसलेले असूनही चित्र अडखळते. म्हणून चारावरून आठ कोअरवर जाताना जाणवणारा फरक आठावरून सोळावर जाताना सहसा जाणवत नाही. एएमडी कंपनीचा २०२२ चा रायझेन ७ ५८००एक्स३डी हा प्रोसेसर आठच कोअरचा. पण ९६ मेगाबाइट एल३ कॅशेच्या (प्रोसेसरमधल्याच झटपट मेमरीच्या) जोरावर बऱ्याच गेममध्ये तो आपल्याच घरच्या सोळा कोअरवाल्या भावाला भारी पडला.

विजेसाठी कोअर बंद करा, असा सल्ला सर्रास मिळतो. त्यात फारसा दम नाही, कारण रिकामा कोअर तसाही झोपलेलाच असतो. खरा खप व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढतो: वेग तोच ठेवून व्होल्टेज १० टक्के उतरवले, तर कोअरच्या कामाची वीज सुमारे १९ टक्के घटते. मात्र फार उतरवले तर ऐन खेळात मशीन बंद पडते. विंडोजच्या पॉवर प्लॅनमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० वरून ९९ टक्के केली, की बऱ्याच लॅपटॉपमध्ये टर्बो (गरजेला वेग आपोआप वाढवण्याची सोय) थांबतो आणि पंख्याची घरघर लगेच खाली येते. ग्राफिक्स कार्डावरच अडलेल्या गेमला याचा फटका क्वचितच बसतो. राजारामपुरीतल्या एखाद्या गेमिंग कॅफेत दहा मशीन रोज आठ तास चालत असतील आणि प्रत्येकी ३० वॅट वाचले, तर महिन्याला ७२ युनिट होतात.

इंटेलने २०२१ मध्ये १२ व्या पिढीत मोठे (वेगवान) आणि छोटे (कमी वीज खाणारे) कोअर एकत्र आणले, तेव्हा काही जुन्या गेमच्या कॉपी-संरक्षणाला ते दोन वेगळे संगणक वाटले आणि गेम सुरूच होईनात. त्यावर बायोसमध्ये एक सोय आली: कीबोर्डावरचे स्क्रोल लॉक दाबले की छोटे कोअर बाजूला बसतात. वर्षानुवर्षे धूळ खात पडलेल्या त्या बटणाला असे काम मिळाले.