ॲस्बेस्टॉसची तपासणी: कोणी करून घ्यायची, कागद कोणते आणि घोडं अडतं कुठे

ॲस्बेस्टॉस म्हणजे सिमेंटच्या पत्र्यांत आणि पाइपांत मिसळलेलं तंतुमय खनिज. आधीच सांगतो, ‘इमारतीत ॲस्बेस्टॉस नाही’ असा दाखला मागायला वॉर्ड ऑफिसात हेलपाटे मारू नका. महापालिका असा दाखला देत नाही आणि घराची ही तपासणी आपल्याकडे कायद्याने सक्तीचीही नाही. पण गाळा भाड्याने घेणारी परदेशी कंपनी तो मागते, मग शिक्के मारलेला कागद घेऊन एजंट हजर होतो. त्यावर पैसे घालवू नका. लागतो तो प्रयोगशाळेचा अहवाल.

आपल्या फ्लॅटच्या किंवा गाळ्याच्या आतली तपासणी मालकाने करून घ्यायची. गच्चीवरचे सिमेंटचे पत्रे आणि डक्टमधले जुने पाइप सोसायटीचे, तिथे कमिटीचा ठराव हवा. पागडीच्या जागेत घरमालकाचं पत्र लागतं, आणि तो वर्षानुवर्षं फिरकलेला नसतो. स्पीड पोस्टाने मागणी करा, पोच जपून ठेवा.

स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल इथे चालत नाही. तीस वर्षांवरच्या इमारतींचं ऑडिट होतं ते पिलर, बीम, स्लॅब किती टिकतील हे पाहायला. पत्रा कशाचा आहे, हे त्यात कोणी बघत नाही.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो तपासणीच्या फॉर्ममधल्या एका प्रश्नावर: ‘बांधकाम २००० पूर्वीचे आहे का?’ हा प्रश्न ब्रिटिश नमुन्यातून जसाच्या तसा उचललेला आहे. तिथे १९९९ मध्ये बंदी आली. आपल्याकडे पांढऱ्या ॲस्बेस्टॉसचे सिमेंट पत्रे आजही विकले जातात, त्यामुळे हे साल इथे निरर्थक. पण इमारत २०१२ ची म्हणून ‘नाही’वर खूण केली की सर्व्हेवाला गच्चीवर चढतच नाही, पार्किंगची शेड आणि वॉचमनची केबिन तशीच राहते. उत्तर काहीही असो, शेजारी लिहा: ‘सर्व पत्रे व पाइप तपासावेत.’

एनएबीएल ही प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था; पण लॅब ‘एनएबीएल मान्यताप्राप्त’ आहे एवढ्यावर भुलू नका. मान्यता पाण्याच्या किंवा सिमेंटच्या चाचणीची असू शकते. एनएबीएलच्या संकेतस्थळावर त्या लॅबच्या मान्यतेची व्याप्ती (कोणकोणत्या चाचण्यांना मान्यता आहे ती यादी) उघडून ॲस्बेस्टॉस आहे का ते बघा.

नमुना स्वतः हातोडीने फोडून नेऊ नका, कृपा करून. ते तंतू फुप्फुसात जातात आणि आजार कित्येक वर्षांनी वर येतो. शिवाय तुम्ही नेलेल्या तुकड्यावर लॅब लिहून देते, ‘अहवाल फक्त मिळालेल्या नमुन्यापुरता.’ मग समोरची पार्टी विचारते, हा तुकडा याच इमारतीचा कशावरून? म्हणून लॅबचाच माणूस बोलवा. तो जागा ओली करून नाण्याएवढा तुकडा काढतो, दुहेरी पिशवीत बंद करतो, नकाशावर क्रमांक टाकतो. तो नकाशा अहवालाला जोडलेला हवाच.

ॲस्बेस्टॉस निघालं तरी धडधाकट पत्रा लगेच उतरवायची घाई नको. त्याला भोक पाडू नका, घासू नका. तुटके मात्र काढावे लागतील. ठेकेदाराकडून लिहून घ्या: पत्रे भिजवून, हुक सोडवून अख्खे उतरवायचे, प्लास्टिकमध्ये गुंडाळायचे, डेब्रिजमध्ये मिसळायचे नाहीत. मुंबईच्या आसपास असाल तर नवी मुंबईजवळच्या तळोज्याच्या घातक कचरा केंद्राशी आधीच बोलून ठेवा आणि तिथली पावती हातात पडेपर्यंत ठेकेदाराचं शेवटचं बिल चुकतं करू नका.