पार्श्वभूमी : नीटचे मार्क आणि रिकामं कॉलेज

नीटचा, म्हणजे मेडिकलच्या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेचा, निकाल लागला की नागपुरात सीताबर्डीपासून मानेवाड्यापर्यंत क्लासवाल्यांचे फ्लेक्स लागतात. त्यावर मार्क असतात, रँक असते, फोटो असतो. पोरगं कुठल्या शाळेतून आलं ते नसतं. खरी गोम तिथेच आहे.

नव्वदच्या दशकात बऱ्याच काळापर्यंत मेडिकलचा प्रवेश बारावीच्या टक्क्यांवर व्हायचा. वर ७०:३० चं कवच होतं : विदर्भातल्या ७० टक्के जागा विदर्भात शिकलेल्यांना. पुढे राज्याची सीईटी आली, पण अभ्यासक्रम राज्य मंडळाचाच राहिला आणि सगळा भर बारावीवर. अकरावीची परीक्षा कॉलेज आपल्या पातळीवर घेणार, म्हणून ते वर्ष विश्रांतीचं, हे घराघरांत ठरलेलं.

नीटने हा हिशेब मोडला. २०१३ मध्ये ती पहिल्यांदा झाली आणि त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयात रद्द ठरली. २०१६ मध्ये परत आली. केंद्राच्या अध्यादेशामुळे राज्याला वर्षभर सूट मिळाली, २०१७ पासून ती पक्की झाली. आता पेपरात अकरावीचा वाटा जवळपास निम्मा आणि आधार एनसीईआरटीच्या पुस्तकांचा. सीबीएसईच्या मुलांच्या दप्तरात तीच पुस्तकं होती. राज्य मंडळाची अकरावीची नवी पुस्तकं यायला मात्र २०१९ उजाडलं.

२०१७ पासून पेपर मराठीतही मिळू लागला. चांगलंच झालं, पण काटोल-उमरेडकडचं जे पोर दहावीपर्यंत मराठीतून विज्ञान शिकतं, त्याचा अकरावीचा वर्ग आणि पुस्तक दोन्ही इंग्रजीत. दोन वर्षं इंग्रजीत घोकून पेपर मराठीतून द्यायचा, यात काय हशील?

ही दरी भरायला बाजार टपलेलाच होता. नाव शहराबाहेरच्या 'टाय-अप' कॉलेजात, म्हणजे क्लासशी संधान बांधलेल्या, पोरगं दिवसभर क्लासमध्ये, रात्री होस्टेल आणि मेस. २०१८ मध्ये सरकारने नागपूरसह काही विभागांत विज्ञान शाखेला बायोमेट्रिक हजेरी सक्तीची केली. मशीन आलं, प्रथा काही गेली नाही. यात फी न परवडणाऱ्याचं दुहेरी नुकसान होतं, त्याबद्दल कोणी फारसं बोलत नाही. तो इमानेइतबारे कॉलेजला जातो तर वर्गात चार टाळकी. सर तास घ्यायला फारसे राजी नसतात, प्रॅक्टिकल जर्नल उतरवून उरकतात.

सरकारी उत्तरंही नागपुरातूनच निघाली. २०१९ मध्ये स्थापन झालेल्या महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थेचं मुख्यालय इथेच; ओबीसी, भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मुलांना ती टॅब, डेटा आणि ऑनलाइन शिकवणी देते. महापालिकेने आपल्या शाळांतली निवडक मुलं घेऊन अशा प्रवेश परीक्षांच्या तयारीसाठी 'सुपर ७५' काढलं. उपक्रम चांगले आहेत, पण निवड होते ती तोवर शाळेत तगलेल्यांतून.

दरम्यान सप्टेंबर २०२० मध्ये ७०:३० रद्द झालं. कॉलेजं कमी म्हणून मराठवाड्याची ही मागणी जुनीच होती, आणि ती चूक नव्हती. पण आता नागपूरच्या मेडिकलच्या जागेसाठी पारशिवनीच्या मुलाची गाठ थेट लातूर पॅटर्नशी, म्हणजे तिथल्या कॉलेज-क्लासांच्या कसून तयारीशी, पडते. २०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झालेत. टाय-अपवाली कॉलेजंही त्याच यादीत आहेत.